१५५१ : शेतकऱ्याचा प्रश्न दूरध्वनीवर

२१ जानेवारी २००४ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने 'किसान कॉल सेंटर' ही सेवा सुरू केली. क्रमांक चारच अंकांचा होता, १५५१. शेतकऱ्याने तो फिरवावा, आपल्या भाषेत प्रश्न विचारावा आणि पलीकडे बसलेल्या कृषी पदवीधराने उत्तर द्यावे, अशी ही कल्पना. बोलण्याचे पैसे पडत नव्हते.

आज यात कोणाला नवल वाटणार नाही. परंतु कृषी-प्रसाराच्या इतिहासात त्या दिवशी एक जुना क्रम उलटा झाला. त्याआधीची कित्येक दशके सरकार बोलत होते आणि शेतकरी ऐकत होता. काय सांगायचे, कोणत्या महिन्यात सांगायचे, किती वेळ सांगायचे, हे शहरातल्या कचेरीत ठरे. आता प्रथमच आधी प्रश्न येणार होता. तो कशाबद्दल असेल, याचा अदमास मात्र कचेरीला फारसा नव्हता.

हा धागा त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो. त्याची सुरुवात दूरध्वनीपासून होत नाही. ती पुण्यापासून होते.

१९३२ साली भारतीय हवामान खात्याने पुण्यात कृषी-हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. पाऊस, वारा, दव, जमिनीचे तापमान यांचा पिकांशी असलेला संबंध तेथे मोजला जाऊ लागला. १९४५पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी खास हवामानवृत्ते सुरू झाली. ज्ञान प्रयोगशाळेतून निघाले, ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचले आणि तेथून गावाकडे गेले. परतीची वाट नव्हती. रेडिओला प्रश्न विचारता येत नाही.

ती परतीची वाट बांधण्याचा पहिला गंभीर प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'रेडिओ ग्रामीण मंडळां'चा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १४५ गावे निवडली गेली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोन संध्याकाळी हे लोक रेडिओभोवती जमत, अर्धा तास मराठी कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. कल्पना मूळची कॅनडाची, तिथल्या शेतकरी मंडळांकडून घेतलेली. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केले. मंडळ असलेली गावे आणि मंडळ नसलेली गावे यांची त्याने तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढलेली आढळली. इतरत्र, अगदी रेडिओ असलेल्या गावांतसुद्धा, वाढ नगण्य होती. म्हणजे यंत्र दोन्हीकडे होते; फरक पडला तो भोवती बसून वाद घालणाऱ्या वीस माणसांमुळे. या मंडळांनी आपले प्रश्न पुणे केंद्राला लिहून पाठवायचे आणि पुढच्या प्रसारणात त्यांची उत्तरे यायची, अशीही सोय होती. पोस्टाने गेलेला प्रश्न आणि रेडिओवरून आलेले उत्तर, हे १५५१चे खरे पूर्वरूप म्हणावे लागेल.

१९५९मध्ये हा उपक्रम देशभर नेण्यात आला. मंडळांची संख्या वाढली, पण दहा आठवड्यांच्या प्रयोगातला जोम त्यात उरला नाही. निवडक १४५ गावांकडे जेवढे लक्ष देता आले, तेवढे हजारोंकडे देता येणे शक्यच नव्हते. पुढे हरितक्रांती आली. नवे बियाणे, खत, पाणी यांचा ठरावीक संच गावोगावी पोहोचवणे हे मुख्य काम ठरले. १९८०च्या दशकारंभी जागतिक बँकेच्या पाठबळाने राज्यात 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. कर्मचाऱ्याने ठरलेल्या दिवशी, पंधरवड्यातून एकदा, ठरावीक 'संपर्क शेतकऱ्यां'ना भेटायचे आणि त्यांनी ती माहिती इतरांना सांगायची. वेळापत्रक काटेकोर होते. किडींना मात्र वेळापत्रक नसते. मंगळवारी दिसलेल्या अळीसाठी पुढल्या पंधरवड्याची वाट पाहणारा शेतकरी विरळा.

मग तो कोणाकडे जात असे? याचे उत्तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९व्या फेरीत मिळते. ही पाहणी २००३ सालची, म्हणजे १५५१ सुरू होण्याच्या आदल्याच वर्षाची आहे. आधुनिक तंत्राविषयी कोणत्याही स्रोतातून माहिती मिळवणारी शेतकरी कुटुंबे देशात फक्त ४० टक्क्यांच्या आसपास होती. त्यांत सर्वांत मोठा स्रोत होता इतर प्रगतिशील शेतकरी, १६.७ टक्के. त्याखालोखाल बियाणे-खते-औषधे विकणारा दुकानदार, १३.१ टक्के. रेडिओ १३ टक्के. सरकारी विस्तार कर्मचारी ५.७ टक्के.

या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा दुकानदाराचा सल्ला घेणारी कुटुंबे दुपटीहून अधिक होती, आणि त्यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणे चूक ठरेल. कृषी सेवा केंद्र तालुक्याच्या बाजारात असते, रोज उघडे असते. रोगट पान खिशात घालून नेले की दुकानदार ते हातात घेऊन पाहतो. शिवाय तो उधारी देतो. सुगीनंतर हिशेब होतो. सल्ला, औषध आणि कर्ज हे तिन्ही एकाच गल्ल्यावर मिळत असेल तर माणूस दुसरीकडे का जाईल? अडचण एवढीच, की ज्याच्याकडे सल्ला मागायचा त्याचाच नफा औषधाच्या बाटलीत असतो. उधारी डोक्यावर असताना त्याने पुढे केलेली बाटली नाकारणेही सोपे नसते.

दरम्यान दूरध्वनी गावाकडे येत होता, पण संथ चालीने. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास पोस्टात बसण्याचा काळ १९८०च्या दशकापर्यंत टिकला. १९८४मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. धूळ, उकाडा आणि बेभरवशाची वीज सहन करील असे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तिने बनवले आणि १९८६मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे पहिले केंद्र बसले. मग पिवळ्या अक्षरांचे एसटीडी बूथ आले. मोबाईल १९९५मध्ये आला, पण बरीच वर्षे तो शहरी श्रीमंतीचे चिन्ह होता, कारण आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. मे २००३पासून येणारे फोन निःशुल्क झाले. ग्रामीण दूरध्वनीच्या इतिहासात या एका बदलाचे वजन कोणत्याही उपग्रहापेक्षा कमी नाही. शिल्लक रक्कम शून्य असलेला फोनही आता उपयोगी ठरला. 'मिस्ड कॉल' ही देशी युक्ती त्यातूनच रुजली: एक रिंग म्हणजे 'पोहोचलो', दोन रिंग म्हणजे 'तूच लाव'. पुढे शेतकऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल जोडला आणि घरातून फोन लावून पंप चालू करायला सुरुवात केली, तेव्हा तर माणसांशिवाय यंत्रेही फोन उचलू लागली.

अशा वेळी १५५१ आला. रचना तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर कृषी पदवीधर सल्लागार. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर दुसऱ्या पायरीवर विद्यापीठातला किंवा संशोधन केंद्रातला विषयतज्ज्ञ. तेथेही अडले तर तिसऱ्या पायरीवरील कचेरीने ७२ तासांत उत्तर पाठवायचे. सकाळी ६ ते रात्री १० अशी वेळ, आठवड्याचे सातही दिवस, भारतातल्या २२ भाषांत. चार अंकी क्रमांक सगळ्या कंपन्यांच्या फोनवरून लागत नसे. म्हणून पुढे १८००-१८०-१५५१ हा अकरा अंकी क्रमांक आला. जुने चार आकडे त्याच्या शेपटीला राहिले.

दूरध्वनीवर सल्ला देणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी मिरचीचे एक पान पुरेसे आहे.

मिरचीची पाने आक्रसून वेडीवाकडी होतात, झाड खुरटते. या रोगाला महाराष्ट्रात चुरडा-मुरडा म्हणतात. बऱ्याच भागांत बोकड्या. शेतकरी फोनवर सांगतो, "साहेब, मिरचीवर बोकड्या आलाय, काय मारू?" पलीकडचा सल्लागार अनेकदा पंचविशीही न गाठलेला असतो, तरी तो 'साहेब'च असतो, आणि तो समोरच्याला 'दादा' किंवा 'काका' म्हणतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण बोकड्या हे एका रोगाचे नाव नाही. ते एका दृश्याचे नाव आहे. तसे दृश्य फुलकिड्यांमुळे दिसते, कोळ्यांमुळे दिसते आणि पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळेही दिसते. फुलकिड्यांवर चालणाऱ्या बहुतेक कीटकनाशकांनी कोळी मरत नाही. विषाणू तर कोणत्याच फवारणीने मरत नाही. त्याला वाहून नेणारी माशी आवरावी लागते आणि रोगट झाडे उपटावी लागतात.

म्हणून सल्लागाराला उलट प्रश्न विचारावा लागतो: "दादा, पान वरच्या बाजूला वळलंय की खालच्या?" वर वळले असेल तर संशय फुलकिड्यांवर. उपड्या होडीसारखे खाली वळले असेल तर कोळ्यांवर. शेतकऱ्याने याआधी कदाचित तिकडे लक्षच दिलेले नसते. तो फोन कानाला धरून वाफ्यात जातो, पान उलटून पाहतो आणि सांगतो. त्या एका उत्तरावर पुढचे सारे ठरते.

कापसावरच्या 'लाल्या'चेही असेच. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर मॅग्नेशियमची उणीव संभवते. कडा पिवळ्या पडून मग लाल होत असतील आणि पान कडेने मुडपत असेल तर तुडतुडे असू शकतात. रात्रीचा गारठा वाढला तरी पाने लाल होतात, आणि त्यावर तर फवारण्यासारखे काही नसते. गावाच्या बोलीत या साऱ्याला मिळून एक शब्द; शास्त्रात त्याचे तीन-चार अर्थ. रेडिओवरचे भाषण हा तिढा सोडवू शकत नाही, कारण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुकानदाराला विचारता येतो, पण पुष्कळदा त्याची गरज त्याला वाटत नाही. दोन औषधे एकत्र करून दिली की काम भागते, आणि विक्रीही दुप्पट होते.

हे सारे सुरळीत चालले असते तर या कथेत सांगण्यासारखे फारसे उरले नसते. परंतु फोनवर सर्वाधिक प्रश्न बोकड्या आणि लाल्याचे येतात ही समजूतच पुरती खरी ठरली नाही. शेतकऱ्याला आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या: भाव काय, आणि पाऊस कधी.

भावाची गोष्ट आधी. २००७मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा महाराष्ट्रात सुरू केली. लंडनच्या रोखेबाजाराला भाव पुरवणारी संस्था मराठी लघुसंदेशांतून कांदा-टोमॅटोचे बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला पाठवू लागली. ही सेवा विकत घ्यावी लागे, आणि तिची विक्री टपाल कार्यालयांतूनही होई. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मासेमारांवरील अभ्यास जगभर गाजत होता. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल पोहोचला. मासेमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरचा भाव विचारू लागले, त्यानुसार होडी वळवू लागले. बंदराबंदरांतील भावांची तफावत घटली, न खपल्यामुळे मासळी फेकून देणे थांबले. मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला. भाव कळला की शेतकरी सुटला, असे अनेकांना वाटू लागले.

मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत ही समजूत तपासली. काही गावांतील शेतकऱ्यांना रॉयटर्सची सेवा फुकट देण्यात आली, काहींना नाही. पिके होती टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना पदरात पडलेल्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. माल कोठे विकावा, कसा निवडावा यांत थोडेफार बदल दिसले, तेही लहान.

केरळात जे झाले ते येथे का झाले नाही? मासेमाराची होडी रिकाम्या समुद्रावर असते, तिला कोणत्याही बंदराकडे वळता येते. कांद्याचा शेतकरी टेम्पोत माल भरतो तेव्हा त्याचे बंदर बहुधा आधीच ठरलेले असते. त्याच्या अडत्याकडून त्याने उचल घेतलेली असते. दुसऱ्या बाजार समितीत भाव चढा असेल, पण तेथवरचे भाडे, हमाली, तोलाई आणि अनोळखी अडत्याचा धोका त्या चढ्या भावातून वजा करावा लागतो. शिवाय लासलगावचा भाव नाशिक जिल्ह्यातील कांदा-उत्पादकाला फोन येण्यापूर्वीही ठाऊक असे; गावातून माल घेऊन गेलेला शेजारी संध्याकाळी परततच असे. माहितीची उणीव ही त्याच्या अडचणींतली एक होती, आणि बहुधा सर्वांत मोठी नव्हती.

गुजरातेतला 'आवाज ओटलो' हा प्रयोग याहून वेगळ्या वाटेने गेला. ओटलो म्हणजे आपला ओटा. २००८-०९मध्ये अहमदाबादच्या डेव्हलपमेंट सपोर्ट सेंटरने संगणकशास्त्रज्ञ नील पटेल आणि आयबीएमच्या संशोधकांसह तो उभा केला. साध्या फोनवरून क्रमांक लावायचा, आपला प्रश्न आवाजात नोंदवायचा. दुसरे शेतकरी तो ऐकतील, उत्तर देतील, तज्ज्ञही देतील. सुरुवातीला ५१ शेतकरी आणि सात महिने. त्यांत सर्वाधिक वापरला गेला तो प्रश्नोत्तरांचा भाग, आणि लोक स्वतःचा प्रश्न नोंदवण्याइतकेच इतरांचे प्रश्न ऐकण्यासाठी फोन करत. दुसऱ्याच्या शेतावरची कीड ही आपल्या शेतावर येऊ घातलेली कीड असते. पुण्याच्या १९५६च्या मंडळांतील ती वीस माणसे अर्ध्या शतकानंतर एका तारेवर पुन्हा जमली होती.

याच गटाने नंतर एक मार्मिक चाचणी घेतली. तोच सल्ला काहींना शास्त्रज्ञाच्या आवाजात ऐकवला, काहींना दुसऱ्या शेतकऱ्याच्या. मुलाखतीत शेतकरी सांगत की आम्हांला तज्ज्ञांचाच सल्ला हवा. प्रत्यक्षात अधिक माहितीसाठी परत फोन आले ते शेतकऱ्याचा आवाज ऐकलेल्यांकडून अधिक.

'आवाज ओटलो'चा मोठा अभ्यास सुरेंद्रनगर जिल्ह्यातील सुमारे १,२०० कापूस-उत्पादक कुटुंबांत शॉन कोल आणि नीलेश फर्नांडो यांनी केला. सेवा मिळालेले शेतकरी सल्ल्यासाठी जुन्या स्रोतांकडे कमी जाऊ लागले. मोनोक्रोटोफॉससारख्या अतिविषारी औषधाऐवजी कमी घातक आणि अधिक परिणामकारक औषधांकडे ते वळले. जिऱ्याचा पेराही वाढला.

मोनोक्रोटोफॉस हे नाव महाराष्ट्रात २०१७च्या पावसाळ्यानंतर घरोघर पोहोचले. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येक रुग्णालयांत दाखल झाले, काहींची दृष्टी बाधली. बोंडअळीचा जोर, माणसाच्या उंचीएवढी वाढलेली झाडे, तोंडावर रुमालाखेरीज संरक्षण नाही, आणि बादलीत दोन-तीन औषधांचे मिश्रण. राज्य सरकारने यवतमाळसह विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली, त्यांत हे एक होते. ती मिश्रणे कोणी सुचवली, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली आणि तीत दुकानदाराचे नाव वारंवार आले. १५५१ तेव्हा तेरा वर्षांचा होता. क्रमांक फुकट होता. पण औषध उधार देणारा गल्ला त्याच्याजवळ नव्हता, आणि बादलीत औषध मिसळणारा मजूर बहुतेकदा फोन करणारा शेतकरी नसतो.

आता पाऊस. किसान कॉल सेंटरच्या नोंदी सरकारने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. लक्षावधी प्रश्न, प्रत्येकी एक ओळ: तारीख, राज्य, जिल्हा, तालुका, हंगाम, पीक, प्रश्नाचा प्रकार, प्रश्न, दिलेले उत्तर. त्यांत हवामानाविषयीच्या प्रश्नांची रास मोठी आहे. ते अनेकदा एकाच छापाच्या इंग्रजी वाक्यात नोंदलेले दिसतात: 'फार्मर आस्क्ड क्वेरी ऑन वेदर'. शेतकऱ्याने हवामानाविषयी विचारले, संपले.

जून महिन्यात महाराष्ट्रातला कोरडवाहू शेतकरी हवामानाविषयी विचारतो तेव्हा तो काय विचारत असतो? मृगाचा पाऊस झालेला असतो, जमीन वाफसा धरते आहे, शेजाऱ्याने तिफण बाहेर काढली आहे. कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला असा, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. पण पेरणी लांबली तर उत्पन्न घटते. आणि आज पेरले नि पुढे पंधरा दिवस ओढ दिली तर बियाणे जमिनीतच करपते. मग दुबार पेरणी. सोयाबीनच्या पिशव्या पुन्हा विकत घ्यायच्या, बहुधा त्याच दुकानातून, जुनी उधारी उभी असताना. 'पाऊस कधी?' या दोन शब्दांत हा सगळा हिशेब असतो. सल्लागारासमोर असतो तो हवामान खात्याचा अंदाज. जिल्हावार कृषी-हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. जिल्हा मोठा, शिवार लहान. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडे, हे ज्याने पाहिले आहे त्याला 'तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम' या शब्दांतून पेरणीचा निर्णय काढता येत नाही. प्रश्न होता 'पेरू का?' आणि उत्तर मिळाले आकाशाचे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही एकओळी नोंद ओळखीची वाटावी. १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव पेटला. त्यानंतर नेमलेल्या आयोगासमोर रयतेच्या जबान्या झाल्या. त्या मराठीत झाल्या आणि अहवालात इंग्रजीत उतरल्या. काय महत्त्वाचे हे लिहिणाऱ्याने ठरवले. तरीही सावकाराने वह्या कशा ठेवल्या, कोणत्या कागदावर अंगठा घेतला, हे तपशील त्यांतून आजही वाचता येतात. किसान कॉल सेंटरची नोंद संख्येने त्याच्या कितीतरी पट आहे, तिच्यात तारीख आणि तालुकाही आहे, आणि तरी ती अधिक मुकी आहे. बोकड्या हा शब्द तिच्यात क्वचित सापडतो. तेथे 'लीफ कर्ल' असते. कोणत्या गावात पान वळलेल्या मिरचीला काय म्हणतात, याचा एवढा मोठा शब्दकोश आपोआप तयार झाला असता. कामाच्या घाईत तो झाला नाही, आणि त्याचा दोष कानाला यंत्र लावून दिवसभर फोन घेणाऱ्या पदवीधराला देणे अन्यायाचे होईल.

या नोंदींत आणखी एक पोकळी आहे. निंदणी, खुरपणी, वेचणी, बियाणे राखणे ही कामे बायकांच्या हातची. रोगट पान सर्वांत आधी त्यांना दिसते. परंतु २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाईल जेमतेम ३७ टक्के स्त्रियांकडे होता. २०१९-२१मध्ये हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या जवळ गेले. पान पाहिले एकीने आणि फोन केला दुसऱ्याने, तर 'वर वळलंय की खाली?' या प्रश्नाचे उत्तर देणारे घरात नसते. ते शेतात असते.

फेब्रुवारी २०१९मध्ये पीएम-किसान योजना आली आणि प्रश्नांत नवी भर पडली: हप्ता का आला नाही? शेतीसल्ल्यासाठी बांधलेली तार सरकारी कचेरीची खिडकी बनली. कृषी पदवीधर आता आधार क्रमांक आणि बँक खाते यांच्या जोडणीविषयी बोलू लागला. २०२३मध्ये याच योजनेच्या चौकशीसाठी 'किसान ई-मित्र' हा बोलका संगणक-मदतनीस आला. तिकडे गावात व्हॉट्सॲपचे गट झाले आहेत. पानाचा फोटो पाठवला की पाच मिनिटांत चौघांची चार उत्तरे येतात. गटात द्राक्षबागायतदार असतो, विद्यापीठातला निवृत्त प्राध्यापक असतो, आणि औषध कंपनीचा प्रतिनिधीही असतो. नमुना पाहणीतले २००३चे काही स्रोत तेथे एकाच पडद्यावर बसलेले दिसतात.

१५५१ची वेळ रात्री दहाला संपते. शेतीपंपाची वीज महाराष्ट्रात पुष्कळ गावांना आलटून पालटून रात्रीचीच मिळते, त्यामुळे दारे धरायला शेतकरी त्या वेळी बांधावर असतो, हातात बॅटरी आणि खिशात फोन. दिवसा त्याने विचारलेला प्रश्न एव्हाना एका ओळीत नोंदला गेलेला असतो: तारीख, तालुका, पीक, प्रश्न, उत्तर. उत्तरानंतर काय झाले, पेरले की थांबले, फवारले की नाही, पान सरळ झाले का, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.